मागच्या खोलीची चाबी

आर्णीच्या त्या गल्लीत रिकामी खोली कोणाला बघवत नाही. रिकामा प्लॉट चालतो, रिकामा माणूस तर दर पानठेल्यावर चालतो, पण चार भिंती, वर स्लॅब आणि आत काहीच नाही, हे दिसलं की लोकांचा जीव वरखाली होतो. दिवाळी आटोपून लखन पुण्याला नोकरीवर गेला, त्याच्या मागोमाग त्याचा पलंगही टेम्पोतून गेला, आणि राठोडांची मागची खोली रिकामी झाली. ही गोष्ट आधी गल्लीच्या लक्षात आली. लखनच्या आईच्या, रंजिताबाईंच्या, नंतर.

रंजिताबाईंचं लक्ष दुसरीकडे होतं. थोरली लग्न होऊन दिग्रसला गेली तेव्हा घर अर्धं झालं होतं, आता लखन गेल्यावर उरलेलं अर्धंही गेलं. पहाटे जाग यायची ती यायचीच. उठून डबा करायला जावं तर डबा कोणाचा करायचा? कणीक चौघांची भिजायची आणि दोन दिवस शिळ्या पोळ्यांचा कुस्करा खावा लागायचा. नवरा देवीलालभाऊ आपलं कृषी केंद्र उघडायला निघून गेले की त्या घरभर हिंडायच्या. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून अंगणात, अंगणातून पुन्हा आत. कशासाठी आलो हे प्रत्येक दारात विसरायच्या. पंचवीस वर्षं कोणी ना कोणी 'आई, माहा मोजा कुठी हाय?' म्हणून ओरडत होतं, आणि तेव्हा वाटायचं की हे कधी संपेल. ते संपलं होतं, आणि आता पाय एका जागी ठरत नव्हते.

असंच हिंडता हिंडता त्या एक दिवस मागच्या खोलीत शिरल्या. भिंतीवर लखनने कर्कटकाने कोरलेली क्रिकेटची धावसंख्या होती, खिडकीत वाळलेल्या पेनांचा डबा होता. खोलीला अंगणाकडून एक दार आणि मागच्या बोळीकडून दुसरं. रंजिताबाईंनी झाडलं, पुसलं, हॉलमधली लाल प्लास्टिकची खुर्ची आणून मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसल्या. फार बरं वाटलं. का बरं वाटलं हे त्यांना कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, आणि सगळी भानगड पुढे त्याच्यातूनच झाली, कारण विचारणारे पुष्कळ निघाले.

पहिले विचारणारे अर्थातच घरातले.

"मले ते मांगची खोली पायजे," जेवताना रंजिताबाई म्हणाल्या.

"कायले?" देवीलालभाऊ म्हणाले.

"बसाले."

देवीलालभाऊंचा घास हातातच राहिला. "हॉलमधी काय काटे हायेत?"

"हॉलमधी टीव्ही हाय, तुम्ही हाय, येनारे-जानारे हायेत. मले एकटीले बसाचं हाय."

"बसून काय करशीन?"

"काही नाही."

तीस वर्षं बी-बियाणं विकणाऱ्या माणसाला 'काही नाही' हे उत्तर पचत नाही. त्याच्या दुनियेत मोकळ्या जागेत एक तर पेरणी होते नाही तर गवत वाढतं. तरी देवीलालभाऊ स्वभावाने उदार. मोठ्या मनाने म्हणाले, "घे बापा. तुह्यंच घर हाय." आणि लगेच पुढे म्हणाले, "फवारणीचे चार पंप ठेवीन मी कोपऱ्यात, ते काही तुले बसू नाही देत असं नाही." रंजिताबाईंनी नुसतं बघितलं. पंप दुकानातच राहिले. ही त्यांची पहिली आणि पुढच्या चार महिन्यांतली शेवटची फत्ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या खोलीत गेल्या, दोन्ही दारं लावून घेतली आणि खुर्चीवर बसल्या. जरा डोळे मिटतात न मिटतात तोच दारावर थाप पडली. दुकानातून जेवायला आलेले देवीलालभाऊ दाराला तोंड लावून विचारत होते, "तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय."

"मंग दार काहून लावलं?"

"बसली हाव."

देवीलालभाऊ दोन पावलं गेले, परत आले. मग, "बीपी पाहाचं का?"

त्याच दुपारी शेजारच्या अकीलाभाभी गच्चीवर मिरच्या वाळवत होत्या. त्यांना राठोडांच्या मागच्या खोलीची दोन्ही दारं बंद दिसली, आणि बाहेर दाराशी उभे असलेले देवीलालभाऊ दिसले. आता दोन आणि दोन चार करायला माणसाने गच्चीवर जायची गरज नसते, पण अकीलाभाभींनी त्याचे आठ केले. संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं की राठोडांच्या घरात वाजलं आणि बाईने अन्नपाणी सोडून स्वतःला कोंडून घेतलं. तिन्हीसांजेला अकीलाभाभी झाकलेल्या वाडग्यात खिचडा घेऊन आल्या.

"भाभी, जो हुआ सो हुआ," त्या हळूच म्हणाल्या, "मर्दायचं असंच राह्यते. जेवणावर राग नाही काढाचा."

"काही झालं नाही वो अकीलाभाभी! मी नुसती बसली होती."

"हां हां," अकीलाभाभी डोळे पुसत म्हणाल्या, "नुसतीच बसली होती. मी कोणाले सांगत नाही."

सांगायचं उरलंच कोण होतं, हा प्रश्न वेगळा. खिचडा मात्र सुरेख झाला होता. देवीलालभाऊंनी दोनदा घेतला.

समोरच्या इंदुताईंनी हे प्रकरण जास्त गांभीर्याने घेतलं. इंदुताई महिला बचत गटाच्या अध्यक्ष. कोणतीही बाई स्वस्थ बसलेली दिसली की तिच्यात एक उद्योग वाया चालला आहे असं त्यांना वाटतं. त्यांनी रंजिताबाईंना पापडाचा उद्योग सुचवला, शिवणक्लास सुचवला, ब्यूटी पार्लर सुचवलं. पार्लरला रंजिताबाई हसल्या तर इंदुताई म्हणाल्या, "हासू नको. रिकाम्या खोलीत रिकामं बसलं का डोकं खराब होते. काही तरी कर." रात्री पुण्याहून लखनचा फोन आला. त्याला दिग्रसहून बहिणीकडून कळलं होतं, बहिणीला अकीलाभाभींच्या भाचीकडून. "आई, तू चॅनल काढ," तो म्हणाला. "आपल्या बंजारा पद्धतीच्या भाज्या दाखव. मी लाइट पाठवून देतो." रंजिताबाईंनी विचारलं, "अन् मी नुसती बसली तं?" "बसून काय करशीन?" लखनने विचारलं. अगदी बापासारखं.

खरं सांगायचं तर रंजिताबाईंनाही कळत नव्हतं की आपल्याला नेमकं काय पाहिजे. त्यामुळेच त्यांचा स्वाभिमान जास्त दुखावत होता. ज्याला उत्तर माहीत असतं तो निदान भांडू तरी शकतो.

पहिला कूलर आला तो अकीलाभाभींच्या खिचड्यामागून.

आपल्याकडे दिवाळीनंतर खिडक्याखिडक्यांतले कूलर उतरतात. उन्हाळ्यात ज्याच्यावाचून जीव जातो तो कूलर हिवाळ्यात कोणालाच घरात नको असतो. अकीलाभाभींचे मिस्टर इम्तियाजभाई कूलर दुरुस्त करतात. लोक कूलर दुरुस्तीला आणून टाकतात आणि सुखाने मार्चपर्यंत विसरून जातात. "भाभी, फक्त दोन," इम्तियाजभाई बोळीच्या दारात उभे राहून म्हणाले. "पाऊस आला तं पत्रा सडते. अन् तुम्ही तं घरीच राह्यता." खिचडा खाल्लेला. नाही कसं म्हणणार? दोन आले. मग त्या दोघांना सोबत म्हणून आणखी आले. महिनाभरात खोलीच्या तीन भिंतींना कूलर पाठ टेकून उभे राहिले. रंजिताबाई मधल्या खुर्चीवर बसल्या की सगळे मिळून आपली चौकशी करताहेत असं त्यांना वाटायचं. कूलरच्या जाळ्यांतल्या जुन्या गवताचा कुबट वास यायचा. तरी त्या बसायच्या. हट्टाने बसायच्या.

गटाच्या भांड्यांचा निर्णय तर त्यांच्या माघारी झाला. लग्नाबारशाला भाड्याने द्यायला गटाने रश्श्याचे मोठे गंज, कढया, पराती आणि झारे घेतले होते. त्या दिवशी रंजिताबाई सर्दीमुळे बैठकीला गेल्या नव्हत्या, आणि जो बैठकीला नसतो त्याच्यावर जबाबदारी येते. इंदुताई स्वतः हातगाडीबरोबर आल्या. "ठराव झाला," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाया म्हणे, रंजिताच्याच घरी ठेवा. जागा हाय, कूलर तं ठेवलेच हायेत, अन् तू तं घरीच राह्यतं."

तिथून रंजिताबाईंचे हाल सुरू झाले. कोणाकडे बारसं असो की कोणाचा वाढदिवस, माणूस बोळीच्या दारावर थाप मारायचा. एकाला कढई पाहिजे, दुसऱ्याला झारा, तिसरा गंज परत आणायचा तो आत रश्श्याचा थर ठेवून. दिग्रसला मुलीकडे दोन दिवस जाऊन यावं म्हणून त्यांनी पिशवी भरली, तर इंदुताई धावत आल्या. "परवा साखरपुडा हाय नं वं, मंग भांडे कोण देईन?" पिशवी पुन्हा कपाटावर गेली. ज्या खोलीत कोणी बोलावू नये म्हणून त्या बसणार होत्या, त्या खोलीमुळे आता त्यांना घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं.

अशातच घरपट्टीच्या नव्या मोजणीसाठी भीमराज नावाचे कर्मचारी आले. सज्जन माणूस. एका हातात फीत, दुसऱ्या हातात मोबाइल. हॉल मोजला, स्वयंपाकघर मोजलं, मागच्या खोलीशी आले आणि थबकले.

"इथं कोणी राह्यते का, बाई?"

"नाही," रंजिताबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"मंग वापर काय?"

"बसाची खोली हाय माही."

भीमराजांनी कूलर पाहिले. गंज पाहिले. त्यांच्यामधली लाल खुर्ची पाहिली. मग मोबाइलमध्ये पाहिलं. "बाई, याच्यात तीनच आहे. निवासी, दुकान, नाही तं गोदाम. बसाचं असं बटनच नाही."

"रिकामी लिहा."

"रिकामी कशी लिहू, एवढे कूलर डोळ्यासमोर असताना? अन् कोणी राहत नाही तर निवासीही दाबता येत नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं. खूप विचार करून त्यांनी 'गोदाम' दाबलं.

दुसऱ्या आठवड्यात रंजिताबाई हरकत घ्यायला कार्यालयात गेल्या. एका टेबलाने दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं, दुसऱ्याने जेवायची सुट्टी झाल्यावर या म्हटलं, आणि सुट्टीनंतर पुन्हा भीमराजच समोर बसलेले निघाले. "मी येऊन पाहून जातो बाई," ते म्हणाले, "खोली रिकामी करून ठेवा, की लगेच बदलतो. मार्चमधी येतो." आयुष्यभर जिने घर सांभाळलं त्या बाईच्या घराला सरकारदरबारी गोदाम म्हणावं, हे रंजिताबाईंच्या मनाला फार लागलं. येताना त्यांना रडू आलं. रस्त्यात ओळखीचे भेटतील म्हणून त्या डोळ्यांत कचरा गेल्यासारखं करत घरी आल्या.

आणि दारात भावसिंग उभा होता. कापसासकट.

भावसिंग हा देवीलालभाऊंचा धाकटा भाऊ, तांड्यावर राहून शेती बघणारा. खाऊनपिऊन सुखी. दरवर्षी कापसाला त्याच्या मनातला भाव येईपर्यंत कापूस विकायचा नाही, असा त्याचा बाणा. आणि त्याच्या मनातला भाव जगातल्या कोणत्याही बाजारात कधी आलेला नाही. तांड्यावरचं घर छतापर्यंत भरल्यावर त्याला दादाच्या मागच्या खोलीची आठवण झाली होती.

"वहिनी, आठ दिवस फक्त!"

"कुठी ठेवशीन रे? आत कूलर हायेत, भांडे हायेत."

"त्याच्या वरून टाकतो ना! कापूस हाय, गोटे थोडीच हायेत."

देवीलालभाऊ दुकानातून आले तोपर्यंत अर्धी गाडी रिती झाली होती. सख्ख्या भावाला नाही म्हणणं त्यांच्याने झालं नाही. कापूस कूलरवर चढला, गंजांत शिरला, परातींवर पसरला, खिडकीच्या गजांपर्यंत आला. सगळ्यांत शेवटी लाल खुर्ची बुडाली. तिची पाठ जरा वेळ वर दिसत होती, मग भावसिंगने आणखी एक गाठोडं उलटलं आणि तीही गेली. रंजिताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

घरात कापूस भरून ठेवण्याची मजा ज्यांनी चाखली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी देवीलालभाऊंची मान खाजू लागली, चौथ्या दिवशी पाठ. दुकानात गिऱ्हाईकांना खताची माहिती देताना ते खांबाला पाठ घासत. कढई मागायला येणाऱ्याला आधी कोपरापर्यंत कापसात हात घालावा लागे. एका बारशाची जिलेबी तळायला नेलेल्या कढईत सरकी निघाली, त्यावरून इंदुताई आणि भावसिंग फोनवर भांडले. इम्तियाजभाईंनी कापसाच्या ओझ्याने कूलरचे पंखे वाकतील म्हणून तक्रार केली. भावसिंगने उलट विचारलं, कूलरच्या गंजलेल्या पत्र्याने कापूस लाल झाला तर भरपाई कोण देणार? गंमत म्हणजे ज्या बाईची ती खोली होती तिला कोणी काहीच विचारत नव्हतं. फक्त चाबी मागत होतं.

कारण आता चाबी आली होती. कापसाच्या राखणीसाठी देवीलालभाऊंनी यवतमाळहून एक जाडजूड कुलूप आणलं, आणि बोळीच्या दाराला लावून गल्लीभर त्याची ख्याती सांगितली. हातोड्याने तुटत नाही, करवतीने कापत नाही. अंगणाकडचं दार आतून कापसाने दाबलेलं, ते उघडायचा प्रश्नच नव्हता. कुलपाच्या दोन चाब्या होत्या. त्यातली एक देवीलालभाऊंनी त्याच दिवशी हरवली. दुसरी सगळ्यांच्या एकमताने रंजिताबाईंकडे आली. त्या घरीच राहत होत्या ना!

आठ दिवसांचे दोन महिने झाले. मार्च आला, ऊन चढलं आणि सगळ्यांना एकाच वेळी आपापलं सामान आठवलं. इम्तियाजभाईंची गिऱ्हाइकं कूलरसाठी दारात बसू लागली. इंदुताईंच्या पुतणीचं लग्न शुक्रवारवर आलं. आणि भावसिंगच्या आयुष्यात प्रथमच बाजारातला भाव त्याच्या मनातल्या भावाच्या जवळपास फिरकला. जो तो चाबीसाठी येऊ लागला. रोजच्या कटकटीला कंटाळून इंदुताईंनीच तोड काढली. "रंजिता, बसस्टँडवर चाबीवाला बसते. चार चाब्या करून आन, म्हणजे तुह्या मांगची कटकटच जाईन."

गुरुवारी सकाळी रंजिताबाई चाबी पर्समध्ये टाकून निघाल्या. चाबीवाला जागेवर नव्हता. त्याच्या पेटीवर पोतं झाकलेलं होतं. पलीकडचा रसवंतीवाला म्हणाला, "बसा, येईनच थोड्या वेळात." त्या स्टँडमधल्या बाकावर बसल्या.

आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण बसलो आहोत. कोणी बीपी विचारत नव्हतं. गर्दी होती, गोंगाट होता, माशा होत्या, पण कोणीही कढई मागत नव्हतं. समोर एक लालपरी येऊन थांबली. पाटीवर ढाणकी लिहिलेलं होतं. ढाणकी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे त्यांचं माहेर नव्हतं, सोयरे नव्हते, देवाचा नवस नव्हता. आयुष्यात त्या जिथे जिथे गेल्या तिथे कोणाच्या तरी लग्नाला नाही तर मातीला गेल्या होत्या. ढाणकीत त्यांना ओळखणारं एक माणूस नव्हतं.

"येता का बाई?" कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घालत विचारलं.

त्याने ते सगळ्यांनाच विचारलं असेल. पण रंजिताबाई उठल्या आणि चढल्या. खिडकीची जागा मिळाली. बायकांना अर्धं तिकीट. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा पर्स त्यांनी अशी छातीशी धरली होती, की जणू दागिने घेऊन पळून चालल्यात. महागावपर्यंत त्यांनी तीनदा ठरवलं की पुढच्या थांब्यावर उतरून परत फिरायचं. उमरखेड मागे पडलं तेव्हा त्यांनी पाय समोरच्या दांड्यावर टेकवले आणि वारा खात बसल्या.

ढाणकीत त्यांनी काय केलं? काही नाही. बाजारातून हिंडल्या. एका दुकानात बांगड्या पाहिल्या, घेतल्या नाहीत. दुसऱ्या दुकानात आरसा पाहिला, त्यात स्वतःला पाहिलं, कपाळावरची बट मागे सारली आणि पुढे गेल्या. एका हॉटेलात बसून एकटीसाठी भजी सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. हॉटेलवाल्याच्या बायकोने सहज विचारलं, "कोणाघरी आल्या?"

"कोणाच्याच नाही. पाहाले आली."

"बरं केलं," ती म्हणाली आणि भजी तळायला लागली. चार महिन्यांत ही पहिली व्यक्ती होती जिने पुढे 'कायले' विचारलं नाही. रंजिताबाईंना तिचे पाय धरावेसे वाटले.

तेवढ्यात फोन वाजला. आधी बरेचदा वाजून गेला होता.

"अवं, कुठी हायेस तू?" देवीलालभाऊ ओरडत होते. मागे ट्रकचा हॉर्न, इम्तियाजभाई, इंदुताई, सगळ्यांचे आवाज एकात एक.

"ढाणकीले."

"ढाणकीले कोण मेलं?"

"कोनी नाही मेलं."

"मंग काहून गेली?"

"गाडी उभी होती."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. भावसिंगच्या व्यापाऱ्याचा ट्रक बोळीत उभा होता आणि संध्याकाळपर्यंत माल मिळाला नाही तर निघून जाणार होता. इंदुताईंचा आचारी चूल मांडून बसला होता. इम्तियाजभाईंचं एक गिऱ्हाईक कूलर घेतल्याशिवाय उठायचं नाही म्हणून पायरीवर आडवं झालं होतं. शिवाय ते भीमराज आले होते फीत घेऊन. देवीलालभाऊंनी स्वतः कुलपावर हातोडा चालवून पाहिला, तर हातोड्याचा दांडा तुटला. कुलूप त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं.

"चाबी कुठी हाय?"

"माह्यापाशी."

"मंग निघ लवकर!"

"भजे सांगतले हायेत. खाऊन निघतो."

"रंजिता!"

"अन् आयका," रंजिताबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं, "मी आली का कुलूप एकडाव उघडीन. सगळ्यानं सगळं आजच काढाचं. भांडे, कूलर, कापूस. परत आनाचं नाही. कबूल असन तं येतो. नाही तं इथं मुक्कामाची सोय चांगली हाय म्हणतात."

तसं कोणी म्हटलेलं नव्हतं. पलीकडे कुजबूज झाली. मग इंदुताईंचा बारीक झालेला आवाज आला, "कबूल हाय, बाई. ये."

भजी गरम होती. त्यांनी सावकाश खाल्ली.

त्या आर्णीला उतरल्या तेव्हा ऊन कलत आलं होतं. स्टँडवर इम्तियाजभाई ऑटो घेऊन उभे होते, त्यांनी सीट झटकून दिली. चाबीवाला पेटीशी बसलेला होता. "चाबी कराची होती ना, बाई?" त्याने रसवंतीवाल्याच्या सांगण्यावरून हाक मारली. "आता नाही कराची," रंजिताबाई म्हणाल्या. बोळीत लोक दोन्ही बाजूंना सरकले. त्यांनी कुलूप उघडलं आणि बाजूला झाल्या.

त्या खोलीत सामान भरायला दोन महिने लागले होते, निघायला सूर्य मावळायचीही गरज पडली नाही. भावसिंगची माणसं गाठोडी बांधत होती, त्यांच्या पायांतून इम्तियाजभाई कूलर ओढत होते, आणि इंदुताई पदर खोचून गंजांतला कापूस मुठीमुठीने भावसिंगच्या अंगावर फेकत होत्या. व्यापारी कापूस पाहून म्हणाला, "याच्यात झारा निघाला." इंदुताईंनी झारा हिसकून घेतला. देवीलालभाऊ भिंतीला पाठ घासत कडेला उभे होते. शेवटी कापसाच्या तळातून लाल खुर्ची निघाली. एक पाय जरा वाकला होता. रंजिताबाईंनी तो हाताने सरळ केला, खुर्ची मधोमध ठेवली आणि बसल्या. खुर्ची थोडी डुगडुगत होती.

भीमराज दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मोबाइल काढला. गल्ली त्यांच्या मागे जमली.

"इथं कोणी राह्यते का, बाई?"

"हो," रंजिताबाई म्हणाल्या. "मी राह्यतो."

देवीलालभाऊंनी आधी बायकोकडे पाहिलं, मग घराकडे. "अन् मंग तिकडं कोण राह्यते?"

"तिकडं लखनची आई राह्यते, तुमची बायको राह्यते. इथं मी राह्यतो."

भीमराजांनी 'निवासी' दाबलं आणि फीत गुंडाळून निघाले. गर्दीही हळूहळू पांगली. जाता जाता अकीलाभाभी कानाशी येऊन म्हणाल्या, "भाभी, पुढच्या टायमाले मले बी घेऊन चला. मी बी काही नाही करत."

त्या दिवसापासून रंजिताबाई मागच्या खोलीत रोज बसतात असं नाही. खरं म्हणजे त्यांना तिथे फार वेळ बसवतही नाही, पाय पुन्हा हलू लागतात. पण कुलूप तेच आहे आणि चाबी त्यांच्या पर्समध्ये आहे. इम्तियाजभाई एकदा एक शिडी घेऊन आले होते. कुलपाकडे पाहून तसेच परत गेले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी सकाळीच स्वयंपाक झाकून ठेवला, चपला घातल्या आणि पर्स खांद्याला लावली. गुरुवारी दुकानाला सुट्टी असते. देवीलालभाऊ बनियनवर पेपर वाचत होते.

"आज कुठी?"

"राजूरले."

"राजूरले काय हाय?"

"कोळसा हाय म्हणतात. मले काय मालूम? पाहून येतो."

"अन् घरी कोणी आलं, काही लागलं तं?"

दारातून बाहेर अकीलाभाभी नवा दुपट्टा घेऊन उभ्या दिसत होत्या. रंजिताबाईंनी घराची चाबी काढली आणि देवीलालभाऊंच्या पेपरवर ठेवली.

"तुम्ही हाय ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही तं घरीच राह्यता."